गोव्यात वापरलेली डबल कॅब फोर बाय फोर घेताय? आधी गाडीच्या खाली जा

आमची बागायत वाळपईपासून बरीच आत आहे, डांबर संपल्यावर पुढे पावणेदोन किलोमीटर निव्वळ लाल मातीची वाट आणि मधे एक व्हाळ, म्हणजे ओढा. मे महिन्यात त्या व्हाळात पाऊल भिजत नाही आणि जुलैत तोच गुडघ्याच्या वर येतो. इतकी वर्षं एक जुनी जीप आणि सुपारी-नारळ काढायच्या वेळी भाड्याचा टेम्पो असं चाललं होतं, पण टेम्पोवाला पावसात वाट बघूनच परत फिरतो आणि जीपमध्ये एक तर माणसं नाहीतर पोती, दोन्ही मिळून जमत नाही. म्हणून ठरवलं की पाच माणसं आत बसतील, मागे मालाला उघडा हौदा असेल आणि चारही चाकं ओढतील अशी डबल कॅब घ्यायची, वापरलेली, बजेट बारा लाखाच्या आत. सात महिने शोधलं, अकरा गाड्या बघितल्या, शेवटी २०१७ ची इसुझू व्ही-क्रॉस घेतली. आता एक काजूचा हंगाम आणि जवळजवळ एक अख्खा पावसाळा तिच्यावर काढून झालाय तेव्हा सविस्तर लिहितोय, कारण कुठली घेऊ कुठली घेऊ असं दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच.

माझं उत्तर ऐकून बऱ्याच जणांची निराशा होते. मी सांगतो की मॉडेल नंतर बघू, आधी ती गाडी आजवर कुठल्या पाण्यात उभी राहिली ते शोधून काढा. आपल्याकडे पिकअप इंजिनाने मरत नाही, चासीने, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याने मरते. पणजीत वर्षाला १२० इंचाच्या आसपास पाऊस, आमच्या सत्तरी तालुक्यात त्याहून जास्त, किनाऱ्यावर खारी हवा, नद्यांना भरतीचं खारं पाणी आणि या सगळ्यात ही लांबलचक शिडीसारखी चासी, आतून पोकळ, भोकं असलेली. त्या भोकांतून चिखल आत जातो, बाहेर येत नाही, आणि ओला चिखल आतल्या बाजूने लोखंड खात बसतो. इंजिन उघडून दुरुस्त होतं, गिअरबॉक्स होतो, टर्बो बदलता येतो, पैसे जातात पण होतं. चासी कुजली की वेल्डिंगचे तुकडे लावत बसायचं आणि तशा गाडीत पाच माणसं बसवून चोर्ला घाट उतरायचा विचारही मला करवत नाही.

पहिली मनात भरलेली गाडी बार्देशात किनाऱ्याकडे होती. कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच. पांढरी, चकचकीत, सीट कव्हर नवीन, टायर नवीन, हौद्यात काळा प्लास्टिकचा लायनर कोरा. मालक वयस्कर, बोलायला अगदी गोड. मी म्हटलं, "काका, हा लायनर जरा उचलून बघू का?" तर म्हणाले, "अरे बाब, मागच्याच महिन्यात घातलाय, कशाला काढतो." मी म्हटलं, "नवीन आहे म्हणूनच बघायचाय काका, परत बसवून देतो." चार बोल्ट काढले, एक बाजू वर केली आणि खाली पत्र्याचे पापुद्रे. कोपऱ्यातल्या शिवणीत तर बोट आत जाईल एवढी जागा झालेली. मग त्यांनीच सरळ सांगितलं की आधी दोन वर्षं गाडी मासळी न्यायला होती आणि नंतर मुलगा वॉटरस्पोर्ट्सला जेटस्की ओढायचा. आता यात सगळंच आलं. मासळीच्या क्रेटमधून बर्फाचं खारट पाणी दिवसभर गळतं, ते लायनरखाली साचून राहतं, आणि जेटस्कीचा ट्रेलर पाण्यात सोडायला गाडी रिव्हर्समध्ये भरतीच्या पाण्यात जाते, म्हणजे मागचा अॅक्सल (चाकं जोडणारा कणा), ब्रेकचे ड्रम, पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग), हँडब्रेकच्या वायर सगळं खाऱ्या पाण्यात बुडवून तसंच घरी. काका दीड लाख कमी करायला तयार झाले. मी नाही घेतली. त्यांचा राग नाही, विचारल्यावर खरं सांगितलं हे माझ्या दृष्टीने मोठं.

त्या दिवसापासून माझी बघायची पद्धत ठरली. चांगले कपडे घालून जायचं नाही. एक जुनी चटई, टॉर्च, एक जुना स्क्रूड्रायव्हर आणि छोटी हातोडी घेऊन जायचं आणि मालकाला आधीच फोनवर सांगायचं की मी गाडीखाली शिरणार, चालेल ना? जो नको म्हणतो त्याच्याकडे जायचंच नाही, तेवढे पेट्रोलचे पैसे वाचतात. खाली गेल्यावर पहिल्यांदा मागचा भाग, स्टेपनी टांगलेली असते त्याच्या वरची चासी, पाट्यांचे शॅकल जिथे चासीला धरतात ती जागा, यू-बोल्ट, आणि ब्रेकच्या बारीक लोखंडी नळ्या. वरवरचा तपकिरी रंग असेल तर घाबरायचं कारण नाही, गोव्यातल्या कुठल्याही गाडीला तो असतोच. पण खपल्या निघतात का, हातोडीने हलकेच वाजवलं तर खणखणीत आवाज येतो की बद्द, स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबल्यावर लोखंड दबतं का, हे बघायचं. आणि खालून गाडी काळ्या कोटिंगने ताजी रंगवलेली दिसली की मी जास्त वेळ खाली काढतो. जुन्या कोटिंगवर धूळ-चिखलाचे थर असतात, ताजा कोट बोल्टच्या आट्यांवरसुद्धा सारखा चकाकतो. विकायच्या पंधरा दिवस आधी कोणी चांगल्या मनाने कोटिंग करत नाही.

मग माझ्या मेव्हण्याने सुचवलं की घाटावरची गाडी बघ, बेळगाव, धारवाड, कोल्हापूर, तिकडे हवा कोरडी, गंज नाही. शंभर टक्के बरोबर. केए-२२ ची, म्हणजे बेळगाव पासिंगची एक गाडी बघितली, दहा वर्षं जुनी असून खालून अशी की आपल्याकडे तीन वर्षांच्या गाडीची नसते. फक्त एक गोष्ट विसरू नका, ऑगस्ट २०१९ ला कोल्हापूर-सांगली पाण्याखाली होतं, जुलै २०२१ ला परत, त्याच आठवड्यात २२ जुलैला चिपळूण बुडालं आणि दुसऱ्या दिवशी आपल्या म्हादई नदीनेसुद्धा सत्तरी-डिचोलीतली घरं घेतली. पुरात बुडालेल्या गाड्या विमा कंपनीकडून लिलावात जातात, कोणीतरी वाळवून, पॉलिश करून परत बाजारात आणतो, आणि त्या घाटावरच विकल्या जातील असं नाही, इथेही येतात.

अशीच एक मला कोल्हापूरच्या बाजूला एका एजंटने दाखवली. चासी सुंदर, इंजिन मऊ, भाव थोडा जास्तच कमी. मागच्या सीटचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला तर शेवटच्या हातभर पट्ट्यावर चहाच्या डागासारखी मातकट रेघ. सीटबेल्टचा तो भाग कधी कोणी बाहेर काढत नाही आणि म्हणून कोणी धूतही नाही. मग डॅशबोर्डखाली वाकून फ्यूजबॉक्स बघितला, पितळी पिनांवर हिरवट बुरशीसारखं. कार्पेटखालच्या फोमला वास. एजंट म्हणाला पावसात काच उघडी राहिली असेल. काच उघडी राहून पाणी सीटबेल्टच्या गुंडाळीपर्यंत चढत नाही हो. इलेक्ट्रिकल खराब झालेली फोर बाय फोर फार त्रास देते, कारण आजकाल फोर व्हीलमध्ये टाकायचं काम लिव्हर नाही करत, बटण किंवा नॉब करतो आणि त्याच्यामागे वायरी, सेन्सर आणि मोटर असते.

तिसरा प्रकार खास आपला, खाणीवरच्या गाड्या. डिचोली, साखळी, सांगे, कुडचडे भागात खाणींवर सुपरवायझरना डबल कॅब असायच्या आणि २०१२ ला खाणी पहिल्यांदा बंद पडल्या, मग मार्च २०१८ पासून परत, तेव्हा अशा कित्येक गाड्या उभ्या राहिल्या. किलोमीटर कमी दिसतात, साठ हजार, सत्तर हजार, आणि लोक खूश होतात. पण खाणीवर गाडी दिवसभर चालूच ठेवतात, एसी लावून उभी, नाहीतर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढ. किलोमीटर वाढत नाहीत, इंजिन मात्र झिजत राहतं. त्यावर खनिजाची ती बारीक लाल भुकटी, ती एअर फिल्टरपासून दाराच्या बिजागरीपर्यंत जाते. आणि नंतर उभी राहिलेली गाडी तर अजून वाईट, रबराचे सील सुकून कडक होतात, ब्रेक कॅलिपर धरून बसतात, डिझेलच्या टाकीत पाणी धरतं. एका गाडीची चासी मी वाजवली तर आतून वाळलेल्या चिखलाची ढेकळं पडली, चार-पाच ओंजळी तरी असतील. म्हणून किलोमीटरपेक्षा मी आता क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची कातडी आणि ड्रायव्हर सीटची डावी-उजवी कड बघतो.

आता मुख्य मुद्दा, फोर बाय फोर चालतं का. मी बघितलेल्या अकरापैकी चार गाड्यांच्या मालकांनी कधीच फोर व्हील टाकलेलं नव्हतं, एकाने अभिमानाने सांगितलं की गरजच नाही पडली. ऐकायला छान वाटतं पण उलट आहे. पुढच्या अॅक्सलला जोडणारी यंत्रणा वर्षानुवर्षं हलवली नाही तर अडकते, तेल एका जागी बसून राहतं, आणि ज्या दिवशी खरंच चिखलात गरज पडते त्या दिवशी नुसता दिवा लुकलुकत राहतो. टेस्ट ड्राइव्ह डांबरावर संपवू नका. मातीची वाट, मैदान, चिऱ्यांच्या खाणीकडे जाणारा रस्ता, काहीतरी मऊ शोधा. या सगळ्या पिकअप पार्ट टाइम फोर व्हील आहेत, म्हणजे फोर एचमध्ये (चारही चाकं, नेहमीचा वेग) पुढचा आणि मागचा अॅक्सल एकमेकांना कडक बांधले जातात, मधे फरक सोसणारं डिफरन्शियल नसतं. मऊ मातीत चाक थोडं घसरून तो ताण सोडून देतं, कोरड्या डांबरावर तो ताण गिअरवर आणि जोडांवर जातो. त्यामुळे डांबरावर फोर एच टाकून वळवून दाखवणाऱ्या मालकाकडून गाडी घेताना दोनदा विचार करा, तो हे आधीही करत आला असणार. मातीवर फोर एच टाका, दिवा स्थिर व्हायला हवा, सरळ चालवा, हळू वळवा, टकटक आवाज येतो का ऐका. मग पूर्ण थांबून न्यूट्रल करून फोर एल (चारही चाकं, वेग कमी पण ताकद जास्त), पहिल्या गिअरमध्ये ब्रेक-अॅक्सिलरेटर दोन्हीवरचा पाय काढा, गाडी बैलासारखी संथ आणि एकसारखी चालली पाहिजे. मग परत टू एच (फक्त मागची चाकं). परत यायला वेळ लावते का हे लोक तपासतच नाहीत.

चारही टायर एकाच मापाचे, एकाच मेकचे, साधारण सारखेच झिजलेले हवेत. दोन नवीन दोन जुने असतील तर त्यांचा घेर वेगळा पडतो आणि फोर व्हीलमध्ये वर सांगितलेलाच ताण सरळ रस्त्यावरसुद्धा येत राहतो. टायरवर चार आकडी शिक्का असतो, २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रबर कितीही जाड दिसलं तरी सहा-सात वर्षं जुने टायर म्हणजे लगेच नवीन पाच टायरचा खर्च धरूनच भाव करा.

आणि डिफरन्शियलचं तेल. हे मला आमच्या मेकॅनिकने शिकवलं आणि मी त्याचे उपकार विसरणार नाही. चालून चालून अॅक्सल गरम झालेला असतो, तशीच गाडी थंड पाण्यात घातली की आतली हवा एकदम आकसते आणि अॅक्सलची हवा आत-बाहेर सोडणारी नळी, ब्रीदर, चोंदली असेल किंवा सील थकलं असेल तर अॅक्सल बाहेरचं पाणी आत ओढून घेतो. तेल आणि पाणी घुसळून दूध घातलेल्या कॉफीसारखा रंग होतो. लेव्हलचा बोल्ट उघडून बोट घालून बघायला पाच मिनिटं लागतात. पुढचा डिफ (डिफरन्शियल), मागचा डिफ, पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणारी ट्रान्सफर केस, तिन्ही बघायचे. एका गाडीत मागच्या डिफचं तेल अगदी तसंच निघालं, गाडी बाकी सगळी चांगली होती, तिथून आम्ही बोल्ट परत लावून हात पुसून निघालो.

इंजिनाबद्दल फार लिहीत नाही, डिझेल इंजिन तपासणारे आपल्याकडे गावोगाव आहेत. फक्त सकाळी जा आणि पोचल्या पोचल्या बोनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर मालकाने आधीच चालू करून ठेवलीय, म्हणजे थंड असताना काहीतरी लपवायचंय. मी एका ठिकाणी पाच तास थांबलो गाडी थंड व्हायला, जेवणसुद्धा त्यांच्याकडेच झालं. स्टार्ट केल्यावर थोडासा धूर चालतो, निळा धूर राहिला तर तेल जळतंय, पांढरा धूर राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर नको. ऑइलचं झाकण चालू इंजिनावर उघडून वाफेचा जोर बघा.

मॉडेल्स. आपल्याकडे भारतात पर्याय मोजकेच आहेत आणि ते बजेटने आपोआप वेगळे होतात. महिंद्राची बोलेरो कॅम्पर फोर व्हील ड्राइव्ह, साधी, कणखर, टनभर माल नेते, भाग कुठल्याही तालुक्यात मिळतात आणि हातोडी-पान्यावर दुरुस्त होते, निव्वळ बागायतीसाठी हवी असेल तर मी आजही हीच सांगेन. पण ती माल वाहणारी म्हणून पासिंग होते, पिवळी प्लेट, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी फिटनेस आणि नंतर दर वर्षी, आणि तिच्यात आईला घेऊन पणजीला डॉक्टरकडे जायचं म्हटलं तर तिची पाठ बोलते. स्कॉर्पिओ गेटअवे आणि टाटा झेनॉन या दोन्ही आता बंद झालेल्या आहेत. गेटअवेला स्कॉर्पिओचं इंजिन आणि झेनॉनला सफारीवालं २.२ डायकोर, त्यामुळे इंजिनाचा माल मिळतो, पण हौद्याचं फाटक, मागचे दिवे, मागच्या दारांचे पत्रे यासाठी भंगारबाजार फिरायची तयारी ठेवावी लागते. आणि वयामुळे बऱ्याच गाड्यांची पंधरा वर्षं जवळ आलीत, खाजगी गाडीची आरसी पंधरा वर्षांनी परत नवीन करावी लागते, तेव्हा चासी बघतातच, म्हणजे गोष्ट फिरून तिथेच. चासी चांगली असलेली गेटअवे कमी भावात मिळाली तर मी नाही म्हणणार नाही.

टोयोटा हायलक्स २०२२ ला आली, तेव्हा ३३.९९ लाखापासून, २.८ लिटरचं फॉर्च्युनरचंच इंजिन, २०४ पीएस, सगळ्या व्हेरिएंटना फोर बाय फोर, मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा डिफ लॉक, ७०० मिलिमीटर पाण्यातून जाते असा कंपनीचा दावा. पैसे असते तर मी डोळे मिटून हीच घेतली असती, नाही, डोळे मिटून नाही, खाली जाऊनच घेतली असती. वापरलेली अजून कमी मिळते आणि मिळते तेव्हा किंमत माझ्या आवाक्याच्या दुप्पट.

म्हणजे मधल्या बजेटला राहते व्ही-क्रॉस. २०१६ ला भारतात आली, तेव्हा चेन्नईची शोरूम किंमत १२.४९ लाख होती, आंध्रमधल्या श्रीसिटीत बनते. सुरुवातीची २४९९ सीसी, १३४ बीएचपी, ३२० न्यूटन मीटर, पाच गिअर मॅन्युअल. २०१९ ला १.९ लिटरची ऑटोमॅटिक आली आणि २०२१ पासून बीएस सिक्स १.९, १६३ पीएसची. नवीन इंजिन जोरात आहे, चालवून बघितलं, हायवेला फरक कळतो. तरी मी मुद्दाम जुनी २.५ घेतली. बीएस सिक्स डिझेलला सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो, तो साफ व्हायला गाडी मधून मधून चांगल्या वेगात बराच वेळ पळावी लागते. आमचं चालवणं म्हणजे घर ते बागायत, बागायत ते बाजार, दहा-बारा किलोमीटर आणि तेही तिसऱ्या गिअरच्या वर क्वचित. ज्यांचं रोज पेडणे ते वेर्णा होतं त्यांनी बिनधास्त नवीन इंजिन घ्यावं, आमच्यासारख्यांना जुनं बरं.

माझी गाडी धारवाडच्या बाजूची, एका शेतकरी घरातली, ९४ हजार किलोमीटर, ११ लाख १० हजाराला ठरली. पुराचं काही नाही, हौद्यात लायनर नाही, उघडा पत्रा, त्यावर औताने पडलेले ओरखडे. मला ते ओरखडे बघून बरं वाटलं, लपवलेलं काही नव्हतं. मालक आजोबा स्वतः माझ्याबरोबर शेतात आले आणि फोर एल टाकून बांधावरून गाडी काढून दाखवली, ऐंशीच्या घरातलं वय असेल. घेतल्यावर लगेच तिन्ही ठिकाणची तेलं, सगळे फिल्टर, दोन बॉल जॉइंट, मागच्या पाट्यांचे बुश आणि चार टायर असा एक लाख सात हजार खर्च केला. वापरलेली पिकअप घेताना किमतीच्या दहा टक्के बाजूला ठेवाच, ते नसतील तर दहा टक्के स्वस्त गाडी शोधा.

कागदपत्रांत घाई करू नका, मी तिथे दोन महिने घालवले आणि ते बरोबरच केलं. दुसऱ्या राज्याची गाडी म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८, मग नावावर करायला २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेकडून फॉर्म ३५ आणि एनओसी, आणि बारा महिन्यांहून जास्त इथे वापरायची असेल तर गोव्याचा टॅक्स भरून जीए नंबर. हा टॅक्स भाव ठरवतानाच विचारून घ्या, नंतर कळला की स्वस्त गाडी महाग होते. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून बोजा आहे का, विमा कधीचा, किती मालक झाले हे बघा. चासी नंबर स्वतः पुसून वाचा आणि आरसीशी एकेक आकडा जुळवा, मी तर कागद ठेवून पेन्सिलने छाप घेतला. आरसीवर रिकामं वजन आणि एकूण वजन दोन्ही लिहिलेलं असतं, दोन्हीतला फरक म्हणजे माणसं धरून तुम्ही कायद्याने किती वजन टाकू शकता. खाजगी पांढऱ्या प्लेटच्या डबल कॅबमध्ये हा आकडा बघून बरेच जण दचकतात, हौदा केवढा मोठा आणि परवानगी केवढी, पण तो आकडा आधी माहीत असलेला बरा.

अजून एक, उंच केलेल्या, जाडजूड बंपर लावलेल्या, मोठे टायर घातलेल्या गाड्यांच्या मोहात पडू नका. पुढे लावायच्या लोखंडी बुलबारवर २०१७ च्या डिसेंबरातच केंद्राने कारवाई करायला राज्यांना कळवलंय आणि जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल चालणार नाही. पासिंगला आणि विम्याच्या क्लेमला हे सगळं आडवं येतं. आणि बंपर बदललेली गाडी कशाला तरी धडकली होती का हाही प्रश्न राहतोच.

आता वापरल्यावर कशी वाटते. रिकामी असताना मागून उड्या मारते, हे पाट्यांच्या प्रत्येक पिकअपचं असतं, मागे चार-पाच पोती पडली की एकदम शहाण्यासारखी चालते. म्हणून मी हौद्यात कॅबला लागून वाळूच्या दोन पिशव्या कायम बांधून ठेवतो, पावसात मागची चाकं घसरायचीही कमी झाली. लांबी ५२९५ मिलिमीटर, म्हणजे सव्वापाच मीटरच्या वर, ही सवय व्हायला दोन महिने गेले. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मी ती नेतच नाही, लांब लावून चालत जातो. गावातल्या वाटांवर कुंपणाच्या दोन चिऱ्यांच्या भिंतीमधून वळताना एकदा मागे घ्यावीच लागते. फेरीबोटीवर चढताना मागचा टो हुक रॅम्पला घासू शकतो, तिरकी घालावी लागते, आणि फेरीतून आल्यावर त्याच संध्याकाळी खालून गोड्या पाण्याने धुतो, कितीही कंटाळा आला तरी. मायलेज मला सरासरी साडेअकरा, बागायतीच्या दिवसांत दहा. काजूच्या दिवसांत सकाळी चार कामगार बाया आत बसून जातात, परत येताना त्याच बसतात आणि मागे बोंडूंचे क्रेट, पूर्वी याच कामाला दोन फेऱ्या लागायच्या. पहिल्या दिवशी त्या मागे हौद्यात चढायला लागल्या, मी म्हटलं, "मावशी, आत बसा, एसी आहे." आता बाबांनी पुढची सीट धरलीय ती सोडत नाहीत.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात व्हाळ भरला. आधी मी काठी घेऊन चालत पार गेलो, पाणी मांडीच्या खाली, तळाला खडक, म्हणजे जायला हरकत नव्हती. अॅक्सल गरम नको म्हणून गाडी काठावर वीस मिनिटं उभी ठेवली, बाबा आत बसून सुपारी कातरत होते. मग फोर एल, दुसरा गिअर, एकसारखा वेग, मधे क्लचवर पाय नाही. पलीकडे वर चढल्यावर ब्रेक दोन-तीनदा दाबून सुकवले. घरी येऊन दुसऱ्या दिवशी मागच्या डिफचा लेव्हल बोल्ट उघडून बोट घातलं, तेल मधासारखं स्वच्छ. नवीन वॉशर घालून बोल्ट बसवला, पुढचं आणि ट्रान्सफर केसचं बघितलं, तीही तशीच. आता चवथीची माटोळी (गणपतीच्या वर बांधायची फळं-पानं) आणायला बागायतीत दोन-तीन फेऱ्या होतील, त्या झाल्या की परत एकदा तिन्ही उघडून बघणार आहे.